बुजऱ्या सापाला हाताची सवय लावताना

घरी नव्याने आणलेला बॉल पायथन पहिल्या दिवशी बहुधा एकच गोष्ट करतो. अंगाचे घट्ट वेटोळे करून, डोके त्या वेटोळ्याच्या मधोमध दडवून तो तासन्‌तास निश्चल पडून राहतो. आणि ज्याने महिनोन्‌महिने वाट पाहून त्याला घरी आणलेले असते त्याला नेमका त्याच दिवशी तो हातात घ्यायचा असतो. घाना, टोगो, बेनिन अशा आफ्रिकी देशांतल्या गवताळ प्रदेशात, उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत दिवस काढणारा हा लहानसा अजगर आहे आणि चेंडूसारख्या त्या वेटोळ्यावरूनच त्याला हे नाव पडले. मी इंग्लंडमध्ये राहते. इथे त्याला रॉयल पायथन म्हणतात. माझ्याकडची मादी आता नऊ वर्षांची आहे. ती आली तेव्हा तिचे वजन जेमतेम १८० ग्रॅम होते, आणि पहिले सात आठवडे माझा हात दिसताच ती गोळा होऊन बसत असे. त्या काळात माझ्या हातून झालेल्या चुका आणि ज्या गोष्टींनी पुढे खरोखर फरक पडला त्या गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

भारतातून हे वाचणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच नीट समजून घ्यावी. नाग, धामण, दिवड, मांडूळ किंवा आपला भारतीय अजगर यांसारखे देशी साप घरात ठेवणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, मग तो साप अंगणात सापडलेला असो की एखाद्या सर्पमित्राने पकडलेला. बॉल पायथन परदेशी असला तरी तो साइट्स या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात मोडतो, त्यामुळे भारतात तो पाळणाऱ्याला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. विकणारा कागदपत्रांविषयी टाळाटाळ करीत असेल तर तो साप घेऊ नये. बंदिवासात अंड्यातून बाहेर पडलेलेच पिल्लू घ्यावे. जंगलातून पकडून आणलेला मोठा साप गोचिडी आणि माइट्स (रक्त शोषणारे अगदी बारीक परजीवी) घेऊन येतो, महिनोन्‌महिने अन्न नाकारतो आणि त्याचा बुजरेपणा कितीही कष्ट घेतले तरी पुष्कळदा जात नाही.

साप डूख धरतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सूड घेण्याचा मनसुबा सापाला बाळगता येत नाही, आणि म्हणूनच तो कुत्र्या-मांजरासारखी माया लावील ही अपेक्षाही धरू नये. पण तो अनुभवातून शिकतो. एखादा वास, जमिनीतून येणारी एखादी कंपने, हाताची ऊब यांच्या मागोमाग काहीही वाईट घडत नाही, हे पुन्हा पुन्हा अनुभवास आले की बचावाची धडपड हळूहळू थंडावते. आपल्याला एवढेच साधायचे आहे. साप किती मिनिटे हातात राहिला याला फारसे महत्त्व नाही. परत ठेवताना त्याचे अंग सैल होते की ताठरलेले, हे प्रत्येक वेळी पाहावे.

पहिले काम घराचे

सापाला हात लावण्याच्या कितीतरी आधी त्याची पेटी नीट लावावी लागते, आणि नवख्या माणसाकडून सर्वांत मोठी हयगय इथेच होते. साप स्वतःचे तापमान शरीरात निर्माण करू शकत नाही. त्यामुळे पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश असा फरक राखावा, ऊब देणारे प्रत्येक उपकरण थर्मोस्टॅटला, म्हणजे तापमान आपोआप मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्राला, जोडलेले असावे, आणि आर्द्रता साधारण ६० ते ७० टक्के असावी. दोन्ही टोकांना लपायला एकेक जागा हवी, आणि ती प्रशस्त नको, अडचणीची हवी. वेटोळे करून बसल्यावर सापाच्या पाठीला आणि दोन्ही बाजूंना छत व भिंत टेकली पाहिजे, कारण पाठ टेकली की त्याला सुरक्षित वाटते.

माझी पहिली चूक हीच होती. दुकानातून मी एक सुंदर, ऐसपैस, दगडासारखी दिसणारी गुहा आणली होती, आणि तिच्यात ते पिल्लू रात्रभर कडेकडेने फिरत राही. पुढे एका जाणत्या माणसाच्या सांगण्यावरून पुठ्ठ्याचा एक लहानसा खोका उलटा घालून त्याला साडेतीन सेंटिमीटरचे भोक पाडून दिले. त्याच रात्री ती आत गेली आणि तीन दिवसांनी तिने पहिला उंदीर घेतला. पेटीच्या तीन बाजू गडद कागदाने झाकणे, तळाशी कोकोपीटचा जाडसर थर देणे, मोकळ्या जागेत प्लॅस्टिकची पाने पसरणे हे सगळे खर्चाच्या मानाने फार उपयोगी पडते. ज्या सापाला लपायला जागा असते तोच बाहेर यायला धजावतो.

पेटी टीव्हीच्या स्पीकरशेजारी, धुण्याच्या यंत्राजवळ किंवा सतत आपटणाऱ्या दाराला लागून ठेवू नये. सापाला बाहेरचे कान नसले तरी त्याचा आतला कान जबड्याच्या हाडाशी जोडलेला असतो आणि जमिनीतून येणारी कंपने तो उत्तम ओळखतो.

दोन आठवडे काहीही न करणे

साप घरी आल्यावर किमान दहा ते चौदा दिवस त्याला हात लावू नये. पाणी बदलणे, विष्ठा काढणे, तापमान पाहणे एवढीच कामे करावीत आणि तीही सावकाश. त्यानंतर अन्न द्यावे. सापाने लागोपाठ दोन-तीन वेळा नियमितपणे खाल्ले, की तो नव्या जागेत रुळला असे समजावे. त्याआधी हाताळणीचा विचारही करू नये. बॉल पायथन मुळातच उपासाला पक्का असतो, आणि घाबरलेला बॉल पायथन खाणे बंद करून बसतो, तेव्हा ते पूर्ववत होण्यास कित्येक आठवडे लागू शकतात.

या काळात एक वही सुरू करावी. तारीख, सापाचे वजन, काय खाल्ले, कात कधी टाकली एवढ्या चार गोष्टी लिहाव्यात. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा आणि त्यावर मावणारा झाकणाचा डबा वजनासाठी पुरतो. पुढे हाताळणी सुरू केल्यावर आपण घाई करतो आहोत की नाही, याचा सर्वांत भरवशाचा पुरावा ही वहीच देते, कारण बुजलेला साप आधी खाणे सोडतो.

हात घालण्याच्या आधीचा हात

तिसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळी, म्हणजे साप जागा होण्याच्या वेळी, खोलीतला दिवा मंद करून पेटीजवळ पंधरा मिनिटे नुसते बसावे. पेटीचे दार उघडे ठेवावे. काही दिवसांनी हात आत नेऊन, सापापासून वीतभर अंतरावर, तळहात वर करून स्थिर ठेवावा आणि पाच मिनिटांनी काढून घ्यावा. अंगावर वापरलेला कपडा पेटीत टाकण्याचा सल्लाही पुष्कळ जण देतात. मला त्याचा विशेष उपयोग दिसला नाही, कारण वासाबरोबर हालचाल, ऊब आणि कंपने यांचीही ओळख व्हावी लागते. पण त्याने अपायही होत नाही.

इथे सापाच्या इंद्रियांविषयी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बॉल पायथनच्या वरच्या ओठांच्या खवल्यांमध्ये उष्णता टिपणारे खोलगट खळगे असतात. आपला ऊबदार हात त्याला अंधारातही उठून दिसतो, आणि त्या हाताला उंदराचा वास येत असेल तर तो उंदीरच ठरतो. म्हणून पेटीत हात घालण्याआधी बिनवासाच्या साबणाने हात धुवावेत आणि घरात मांजर, कुत्रा, ससा असल्यास कपडेही बदलावेत. दार उघडणे म्हणजे जेवण, अशी सापाची पक्की समजूत होऊ नये यासाठी हाताळणीच्या प्रत्येक वेळी आधी पुठ्ठ्याची नळी किंवा गुळगुळीत हूक त्याच्या अंगाच्या मध्यभागी हळूच टेकवून एक-दोनदा फिरवावा. अन्न मात्र नेहमी लांब चिमट्याने आणि हा स्पर्श न करता द्यावे. काही आठवड्यांत हा फरक सापाच्या अंगवळणी पडतो. स्पर्श झाला की उगारलेली मान खाली येते.

पुढची पायरी स्पर्शाची. साप लपायच्या जागेबाहेर असेल तेव्हाच, पाठीच्या मागच्या दोन-तृतीयांश भागावर, डोक्यापासून शेपटीच्या दिशेने एक बोट फिरवावे. डोके आणि मान टाळावी. अंग आक्रसले तर बोट तिथेच थांबवावे, झटक्याने काढू नये. श्वास पूर्ववत होईपर्यंत थांबून मग काढावे. लपलेल्या सापाला त्याच्या दडणीतून ओढून बाहेर काढू नये. ती जागा त्याच्यासाठी अभेद्य राहिली पाहिजे, नाहीतर पेटीत त्याला निर्धास्त वाटेल असे काहीच उरत नाही.

उचलणे

उचलताना हात वरून आणू नये. वरून येणारी सावली म्हणजे ससाणा किंवा घार, ही समज सापाच्या रक्तात असते. बाजूने, त्याच्या पातळीवर हात नेऊन, शरीराच्या मधल्या जाड भागाखाली तळहात सरकवावा, दुसरा हात मागच्या भागाला द्यावा आणि एकाच सलग, सावकाश हालचालीत उचलावे. पुढे-मागे होणारा, कचरणारा हात सापाला सर्वाधिक अस्वस्थ करतो. तुमचीच भीती मोडलेली नसेल तर पहिले काही दिवस पातळ हातमोजे घाला, पण उचलायचे ठरवल्यावर थबकू नका.

डोक्यामागे पकडू नये आणि शेपटीला धरून लोंबकळवू नये. सर्पमित्र शेपटी धरून हुकावर साप तोलतात, ते आपण चित्रफितींतून पाहिलेले असते. पण ते लोकवस्तीतला बिथरलेला, अनेकदा विषारी साप दूर नेण्यासाठीचे कौशल्य आहे, घरच्या सापाशी ओळख करून घेण्याचे नव्हे. आपला हात सापासाठी झाडाच्या फांदीसारखा असावा: आधार देणारा, पण पकडून न ठेवणारा. तो पुढे सरकू लागला की एका हातासमोर दुसरा हात, मग पुन्हा पहिला, असे धरत जावे. जमिनीवर किंवा पलंगावर बसूनच हे करावे, म्हणजे साप निसटला तरी फूटभरापेक्षा खोल पडणार नाही. साप गळ्यात घालण्याची हौस, तो कितीही लहान असला तरी, करू नये.

पहिल्या आठवड्यांत आठवड्यातून दोनदा, तीनदाच, आणि प्रत्येक वेळी पाच मिनिटे पुरेशी असतात. तीन-चार आठवड्यांत दहा मिनिटे, मग पंधरा. पूर्ण रुळलेल्या सापालाही अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ बाहेर ठेवू नये, कारण तोवर त्याचे अंग थंड पडू लागते.

आता ज्या प्रश्नावर साप पाळणाऱ्यांमध्ये खरा मतभेद आहे त्याकडे येते. साप फुसकारू लागला, धडपडू लागला तर लगेच परत ठेवावा की शांत होईपर्यंत धरावा? एका पक्षाचे म्हणणे असे, की त्या क्षणी ठेवला तर फुसकारल्यावर सुटका होते हे तो शिकतो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की घाबरलेल्याला धरून ठेवले तर भीतीच पक्की होते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि माझ्या अनुभवात वाट त्यांच्या मधून जाते. साप थोडा अस्वस्थ असेल, म्हणजे श्वास जलद आणि हालचाल तुटक असेल, तर हात स्थिर ठेवून, त्याला मांडीवर टेकवून, अंग किंचित सैल होण्याची वाट पाहावी आणि तो सैलावताच परत ठेवावे. पण मान इंग्रजी एस अक्षरासारखी दुमडून तो मारा करण्याच्या पवित्र्यात असेल, दुर्गंधीयुक्त स्राव सोडीत असेल किंवा सलग फुसकारत असेल, तर आपण त्या दिवशी मर्यादा ओलांडली आहे असे समजून त्याला शांतपणे ठेवून द्यावे आणि पुढच्या वेळी दोन पायऱ्या मागे यावे. दुसऱ्या अवस्थेत हट्टाने धरून ठेवल्यावर निपचित पडणारा साप शांत झालेला नसतो. सुटकेचा मार्ग नाही म्हणून तो गोठलेला असतो. शांत सापाची जीभ सावकाश, लांबवर लवलवते, आणि गोठलेल्या सापाची जीभ बंद असते. हा एवढा फरक ओळखता आला तर बाकीच्या पुष्कळ गोष्टी आपोआप जमतात.

आठव्या आठवड्यातली एक संध्याकाळ मला अजून लख्ख आठवते. तळहातावर तिचा गोळा नेहमीसारखा घट्ट होता आणि बाजूचे खवले श्वासागणिक भराभर वरखाली होत होते. मी काहीच केले नाही. चारेक मिनिटांनी श्वासांतले अंतर वाढले, मग गोळ्याची सर्वांत बाहेरची गुंडाळी माझ्या करंगळीवरून घसरून खाली आली, आणि तिच्या खालून नाकाचे टोक दिसले. काळी जीभ बाहेर आली, अंगठ्याच्या नखावर क्षणभर टेकली आणि आत गेली. मी तिला लगेच पेटीच्या दाराशी नेले आणि ती स्वतःहून आत सरकली. दुसऱ्या खेपेला गोळा दोन मिनिटांत सुटला.

कधी हात लावू नये

खाल्ल्यानंतर किमान ४८ तास, आणि भक्ष्य मोठे असेल तर ७२ तास, सापाला उचलू नये. पोटातले अन्न त्याने उलटून टाकले तर त्याबरोबर पाचक रस आणि क्षार जातात, आणि पुढचे अन्न दहा ते चौदा दिवसांनी, तेही नेहमीपेक्षा लहान, द्यावे लागते. कात टाकण्याआधी डोळ्यांवर निळसर-दुधी झाक येते आणि सापाला नीट दिसत नाही, त्यामुळे एरवी गरीब असलेला सापही तेव्हा मारा करतो. झाक आल्यापासून कात पूर्ण उतरेपर्यंतचा आठवडा-दीड आठवडा सुट्टीचा मानावा.

रुळलेला साप अचानक बिथरू लागला तर वागणुकीच्या आधी प्रकृती तपासावी. पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास बसणे आणि खवल्यांच्या फटींत काळे ठिपके हलणे म्हणजे माइट्स. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, घरघर, ओठांवर बुडबुडे म्हणजे श्वसनमार्गाचा संसर्ग. दोन्हींसाठी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य लागतो. बॉल पायथनच्या स्पायडर नावाच्या रंगप्रकारात जन्मतःच मज्जासंस्थेचा दोष असतो आणि त्या सापांचे डोके डोलते, कधी अंग उलटेपालटे होते. ते भित्रेपणाचे लक्षण नव्हे. अशा सापाला हाताळणीचा ताण शक्य तितका कमी द्यावा.

चावलाच तर

बॉल पायथन बिनविषारी आहे. बचावासाठी तो झडप घालून तत्काळ सोडतो, त्या जखमा टाचणीने ओरखडल्यासारख्या असतात. अन्न समजून चावला तर मात्र तो धरून ठेवतो आणि हाताला विळखा घालतो. अशा वेळी हात हिसकू नये, कारण त्याचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात. हिसक्याने आपली कातडी फाटते आणि त्याचे दात तुटून तोंडात संसर्ग होऊ शकतो. शेपटीकडून विळखा उलगडत यावे, तरीही सोडत नसेल तर डोक्यावर थंड पाण्याची बारीक धार सोडावी. जखम साबण-पाण्याने धुवून धनुर्वाताच्या इंजेक्शनाविषयी डॉक्टरांना विचारावे. हे सगळे आपल्या घरच्या, ओळखीच्या सापापुरतेच. शेतात, अंगणात किंवा कुठेही अनोळखी साप चावला तर यातले काहीही न करता थेट रुग्णालय गाठावे.

सापाच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून हाताळणीनंतरही हात धुणे तितकेच आवश्यक आहे. स्वयंपाकघरात किंवा जेवणाच्या टेबलावर साप आणू नये, त्याच्या पाण्याचे भांडे घरच्या भांड्यांबरोबर घासू नये, आणि पाच वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया व रोगप्रतिकारशक्ती कमी असलेली माणसे यांना सापापासून दूर ठेवावे.

कॉर्न स्नेक पाळणाऱ्यांसाठी

अमेरिकेतला कॉर्न स्नेक हा नवख्यांच्या घरी येणारा दुसरा साप. त्याच्या बाबतीत पायऱ्या याच, पण भीतीचे रूप वेगळे असते. बॉल पायथन गोळा होतो, तर कॉर्न स्नेकचे पिल्लू शेपूट थरथरवते आणि वाट फुटेल तिकडे पळते. त्यामुळे त्याला खोल टबात बसून हाताळावे, आणि तो हातांवरून भराभर धावत असेल तर ते बागडणे समजू नये. तापमानही थोडे कमी लागते, उबदार टोकाला २९ ते ३० अंश पुरतात. वर्षभरात बहुतेक पिल्ले स्थिरावतात.

सहा महिने नेटाने प्रयत्न करूनही काही साप हाताला सरावत नाहीत. पेटी योग्य आहे, प्रकृती चांगली आहे, वजन वाढते आहे, आणि तरीही उचलल्यावर तो दर वेळी फुसकारतो, असे असेल तर हाताळणी थांबवावी. त्याला त्याच्या लपायच्या खोक्यासकट उचलून, खोक्याच्या तोंडाशी आणि तळाशी पुठ्ठा सरकवून, झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि पेटी साफ झाल्यावर तसेच परत ठेवावे. वजनही त्या खोक्यासकट करता येते. खोक्याचे वजन वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले म्हणजे झाले.